महामारीची राष्ट्रीय तयारी आणि आपली वस्ती

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला बोलायला सांगितले आणि विषय विचारला. आम्ही म्हणालो, महामारीवर बोलतो. तेव्हा एक कार्यकर्ते म्हणाले, "अहो, कोरोना गेला. लोक विसरले. आता आनंदाच्या दिवशी ते कशाला?" बंधू-भगिनींनो, लोक विसरले म्हणूनच बोलायचे आहे. साथ चालू असताना माणूस धावपळ करतो, विचार करत नाही. साथ गेल्यावर विचार करायला सवड मिळते, तर माणूस विसरतो. मग पुढच्या साथीचा विचार करायचा कधी?

दुसरे कोणी म्हणेल, हा डॉक्टरांचा विषय आहे, गिरणी कामगाराला यातले काय कळते? खरे आहे. औषधातले आम्हाला काही कळत नाही. पण साथीत कोण मरतो, कोठे मरतो आणि का मरतो, हे समजायला डॉक्टर व्हावे लागत नाही. चाळीत राहावे लागते.

सुरुवात तथागतांपासून करू. विनयपिटकात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला हगवण लागली होती. तो आपल्याच घाणीत पडून होता. शेजारी दुसरे भिक्खू होते, पण कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. हा कोणाच्या उपयोगी पडत नाही, मग आपण याचे का करावे, असा त्यांचा हिशेब. तथागत आनंदांना घेऊन तेथे आले. त्यांनी पाणी आणवले, दोघांनी मिळून त्या भिक्खूला धुतले आणि उचलून त्याला बिछान्यावर निजवले.

ही गोष्ट आपण मुलांना सांगतो आणि येथेच थांबतो. म्हणतो, बघा तथागतांची करुणा! पण गोष्ट येथे संपत नाही. त्यानंतर तथागतांनी संघाला बोलावले आणि नियम घालून दिला. आजारी भिक्खूचा आचार्य असेल तर त्याने सेवा करायची. शिष्य असेल तर त्याने करायची. कोणीच नसेल तर संघाने करायची. केली नाही तर तो दोष. म्हणजे काय केले बघा. करुणा दाखवली आणि लगेच तिचा नियम बांधला. कारण करुणा आज असते, उद्या दमते. नियम दमत नाही.

राष्ट्राने साथीची तयारी करायची म्हणजे दुसरे काही नाही. करुणेचा नियम बांधायचा.

गिरणीतली एक गोष्ट सांगतो. गिरणीत कापूस उडत असतो. एक ठिणगी पडली तर खातेच्या खाते पेटते. म्हणून भिंतीला लाल बादल्या टांगलेल्या असतात, वाळूने भरलेल्या. आग रोज लागत नाही. वर्ष-वर्ष लागत नाही. मग कामगार त्या बादलीत विड्या विझवतात, पान थुंकतात. कोणी वाळू ओतून बादली घरी नेतो. साहेब बघतो, काही म्हणत नाही, कारण आग लागलेली नसते. आणि ज्या दिवशी लागते त्या दिवशी माणूस धावत बादलीकडे जातो आणि ती रिकामी निघते. त्या दिवशी सगळे शूर असतात, हो! पण शौर्याने आग विझत नाही. वाळूने विझते. आणि वाळू आधी भरावी लागते.

आता या देशात ही बादली कोणी, केव्हा, कशी भरली ते बघू.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग सापडला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. इंग्रज सरकारपाशी तयारी काही नव्हती. होते ते लष्कर आणि पोलीस. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. अगदी छोटा, मोजून चार कलमांचा. सरकारला वाटेल तो उपाय करायचा अधिकार मिळाला. लोकांना काय मिळेल, याबद्दल त्यात अक्षर नव्हते. पुण्यात गोरे शिपाई घराघरांत घुसून रोगी शोधू लागले. माणूस ओढून नेत, सामान जाळत. त्याचा परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. माळ्यावर लपवले, नातेवाइकांकडे पाठवले, रात्रीतून गावाला नेले. रोगी लपला तिकडे प्लेग गेला.

मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्ये आर्थर रोडच्या रुग्णालयावर जमाव चालून गेला. जमाव कोणाचा? गिरणी कामगारांचा. आमच्याच पूर्वजांचा. तेथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी अफवा होती. आज आपण म्हणू, अडाणी होते. पण ज्या सरकारने कधी ताप आला का विचारले नाही, तेच सरकार एके दिवशी गाडी घेऊन दारात आले, तर माणूस विश्वास कसा ठेवणार? त्याच जागेवर आजचे कस्तुरबा रुग्णालय आहे आणि मार्च २०२० मध्ये मुंबईतले पहिले कोरोना रुग्ण तेथेच नेले गेले.

त्याच प्लेगात पुण्याजवळ सावित्रीमाई काय करीत होत्या? त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरकडच्या माळावर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातले एक पोर प्लेगने आजारी आहे, असे कळले. माईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. त्या सेवेतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. एकाच वर्षी, एकाच जिल्ह्यात दोन रीती दिसतात. एक रीत रोग्याला ओढून नेणारी, दुसरी पाठीवर नेणारी. पहिलीपासून लोक पळाले. दुसरीकडे लोक आपण होऊन आले. पण दुसरीला कायद्याचा आधार नव्हता, पैसा नव्हता, माणसे नव्हती. म्हणून माईंना स्वतःचा जीव घालावा लागला.

प्लेगाने आणखी एक गोष्ट घडवली. अंधारी, कोंदट घरे हे कारण धरून १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने वस्त्या पाडल्या, रस्ते काढले, चाळी बांधल्या. पाडलेल्या घरांतल्या सगळ्या गरिबांना त्या चाळींत जागा मिळाली नाही, ही गोष्ट वेगळी. परळच्या पोयबावडीला अशाच ट्रस्टच्या चाळीत आपले बाबासाहेब अनेक वर्षे राहिले. आपण ज्या चाळीला पवित्र मानतो, तिचा पाया प्लेगच्या भीतीने घातला गेला. साथ जाते पण आपल्या मागे काही ठेवून जाते. काय ठेवायचे ते आपण ठरवले नाही तर दुसरे ठरवतात.

पुढे १९१८ साल. महायुद्धातून परतणाऱ्या जहाजांबरोबर इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरात उतरला. पाऊस कमी, धान्य महाग, माणसे अर्धपोटी. देशात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहून अधिक माणसे मेली, असे अभ्यासकांचे अंदाज आहेत. १९२१ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या आधीच्या शिरगणतीपेक्षा कमी भरली. पण आम्हाला आपल्यापुढे मुंबईचा एक आकडा ठेवायचा आहे. तो सरकारी नोंदींतूनच आलेला आहे. त्या साथीत मुंबईत युरोपियन लोकांमध्ये हजारी ८.३ माणसे मेली. पारशी समाजात ९. सवर्ण हिंदूंत १८.९. आणि ज्यांना तेव्हा हलक्या जातीचे हिंदू म्हणत त्यांच्यात हजारी ६१.६!

बंधू-भगिनींनो, हा आकडा आम्ही प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसलो. साहेबाच्या सातपट माणसे आपल्यातली गेली. रोगाने जात विचारली होती काय? रोग जात विचारत नाही. पण खोली जात विचारते. नळ जात विचारतो. धान्य, पगार, दवाखाना जात विचारतात. रोग सगळ्यांच्या दारी सारखाच येतो, दार उघडल्यावर आत काय आहे त्यावर मरण ठरते.

म्हणून बाबासाहेबांचे काम आम्हाला या विषयाच्या मध्यभागी दिसते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आजारपणाच्या विम्याची योजना त्या काळात आखली गेली आणि त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. आपण त्याला ई.एस.आय. म्हणतो. त्याचे मर्म काय? कामगार आजारी पडून घरी बसला तरी त्याच्या घरी काही पैसा आला पाहिजे. आज त्या योजनेत आजारपणाच्या काळात ७० टक्के मजुरी, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. आम्ही गिरणीत होतो तेव्हा ताप आला की विमा दवाखान्यात जाऊन बिनधास्त सांगायचो, डॉक्टर, ताप आलाय. का सांगायचो? कारण सांगणं परवडत होतं. एवढं एक वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच काळात भोर समिती नेमली गेली. तिने १९४६ मध्ये अहवाल दिला. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, आणि गावोगावी प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, हा तिचा गाभा. संविधानाच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले. सातव्या अनुसूचीत दवाखाने आणि स्वच्छता राज्यांकडे दिली. पण एका राज्यातला संसर्ग दुसऱ्या राज्यात जाऊ न देणे, हा विषय केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीत ठेवला. म्हणजे घटनाकारांनी रोगाचा स्वभाव ओळखला होता. रोगी एका वस्तीत असतो, रोग साऱ्या देशाचा असतो.

नियम होता, अहवाल होता. बादली मात्र भरली गेली नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेला प्लेगची बातमी आली तेव्हा लाखो माणसे शहर सोडून पळाली. त्यात मोठी संख्या कापड धंद्यातल्या परप्रांतीय कामगारांची. १८९६ ला जे मुंबईत झाले तेच ९८ वर्षांनी सुरतेत.

आणि मग २०२०. ३० जानेवारीला केरळात पहिला रुग्ण सापडला. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि बारा वाजता देश बंद झाला. चार तास! ज्याच्या घरात महिन्याचा किराणा आहे त्याला चार तास पुरतात. ज्याचा किराणा रोजच्या मजुरीतून येतो त्याला चार महिनेही पुरत नाहीत. आमची गिरणी त्या बंदमध्ये थांबली ती थांबलीच. ७ मे २०२० ला बुद्ध पौर्णिमा होती. आपण घरोघरी मेणबत्त्या लावल्या. त्याच पौर्णिमेच्या चांदण्यात जालन्याहून काही मजूर रुळांवरून गावाकडे निघाले होते. पहाटे करमाडजवळ थकून रुळावरच निजले आणि मालगाडीखाली १६ जण गेले. रुळावर त्यांच्या भाकरी पडल्या होत्या. त्यांना कोरोना झाला नव्हता. त्यांना योजनेने मारले, ज्या योजनेत ते धरलेलेच नव्हते.

आता सरकारला दोष देऊन खाली बसलो तर टाळ्या मिळतील. पण आम्हाला आज आपल्याबद्दल बोलायचे आहे. म्हणूनच हा विषय घेतला.

आमच्या चाळीत एक भगिनी राहते. एका रुग्णालयात कंत्राटी आया आहे. एप्रिल २०२० मध्ये तिला सुट्टी नव्हती. रोज चालत जायची, रात्री चालत यायची. चाळीच्या लोकांची बैठक झाली. गच्चीवर, अंतर ठेवून, तोंडाला रुमाल बांधून. ठरलं काय? तिने नळावर सगळ्यांच्या शेवटी यावं. संडासही शेवटचा एक वापरावा. तिच्या मुलीने गॅलरीत खेळू नये. कोणी तरी तिच्या दाराजवळ खडूने रेघ मारली.

कोण होतो आपण? २० मार्च १९२७ चं महाड ज्यांच्या तोंडपाठ आहे, ती माणसं! चवदार तळ्याचं पाणी दर वर्षी भाषणात सांगणारी माणसं! आणि आपल्याच बहिणीला नळावर शेवटी उभी केली. आम्ही त्या बैठकीत होतो. आम्ही ठराव मांडला नाही, हे खरे. पण आम्ही विरोधही केला नाही. गप्प बसलो. घरात म्हातारी आई आहे, असे मनाला सांगितले. ती बाई काही बोलली नाही. तिने रेघेच्या आत आपली चप्पल काढायला सुरुवात केली, एवढंच.

पुढे ऐका. त्याच मजल्यावर गिरणीतला आमचा एक जोडीदार राहायचा. गिरणी थांबल्यावर त्याने एका इमारतीत वॉचमनची नोकरी धरली होती. खाडा झाला की पगार कापला. जूनमध्ये त्याला ताप आला. त्याने कोणाला सांगितलं नाही. बायको म्हणाली, सांगू या. तो म्हणाला, "त्या आयेचं काय केलं ते बघितलंस ना? आणि आपली तर चाळच सील करतील." तापाची गोळी घेऊन तो चार रात्री ड्युटीवर गेला. पाचव्या रात्री दम लागला. सहाव्या दिवशी गेला. जलदान विधीला आम्ही मोजकी माणसं होतो. तेव्हा त्याची बायको आम्हाला म्हणाली, "भाऊ, तुम्ही सगळे होता की इथे. मग आम्ही सांगायचं कोणाला होतं?"

आमच्यापाशी उत्तर नव्हतं. आज जे बोलतोय ते त्या प्रश्नाचं उत्तर शोधणं आहे.

तथागतांनी सांगितले, दुःख आहे आणि दुःखाला कारण आहे. हे असते म्हणून ते होते. खडूची रेघ होती म्हणून भीती झाली. भीती होती म्हणून ताप लपला. पगार कापला जाणार होता म्हणून तो ताप घेऊन माणूस कामावर गेला. १८९७ चा शिपाई आणि आमची गच्चीवरची बैठक यांत फार अंतर नाही. दोघांनी एकच काम केले. आजार सांगणे महाग करून ठेवले. जेथे आजार सांगणे परवडत नाही, तेथे साथ थांबत नाही. मग तुम्ही कितीही मोठे रुग्णालय बांधा.

याउलट जेथे सांगणे सोपे केले तेथे काय झाले? धारावी बघा. अडीच चौरस किलोमीटरच्या आत आठ-साडेआठ लाख माणसे, बहुतेकांचा संडास सार्वजनिक. १ एप्रिल २०२० ला पहिला रुग्ण सापडला तेव्हा सगळे म्हणाले, आता धारावी संपली. पण महापालिकेने ठरवले की रोगी दवाखान्यात येण्याची वाट बघायची नाही, आपण दारोदारी जायचे. सोबत कोणाला घेतले? गल्लीतल्याच खासगी डॉक्टरांना, ज्यांच्याकडे लोक वर्षानुवर्षे जातात. शाळा आणि क्रीडा संकुल ताब्यात घेऊन विलगीकरणाची सोय केली, तेथे जेवण दिले. संडास पुन्हा पुन्हा धुतले. जुलैपर्यंत रुग्ण एवढे घटले की जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव घेतले.

नंदुरबार बघा. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड, भिल्ल समाजातले. पहिली लाट ओसरत होती, लोक सुटकेचा श्वास घेत होते, तेव्हाच त्यांनी जिल्ह्यात प्राणवायूचे प्रकल्प उभारायला सुरुवात केली. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली-मुंबईची मोठी रुग्णालये प्राणवायूसाठी हात जोडत होती, तेव्हा त्या आदिवासी जिल्ह्यापाशी स्वतःचा प्राणवायू होता. बादली आधी भरली होती! केरळनेही २०१८ मध्ये निपाह रोगाशी झुंज दिली होती. तो अनुभव त्यांनी विसरू दिला नाही, म्हणून २०२० मध्ये ते लवकर जागे झाले.

सप्टेंबर २०२४ मध्ये नीती आयोगाच्या तज्ज्ञ गटाने पुढच्या महामारीच्या तयारीचा अहवाल दिला. साथीचे पहिले १०० दिवस सर्वांत मोलाचे, त्यासाठी नवा कायदा हवा, वेगळा निधी हवा, असे त्यात सांगितले आहे. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने महामारीचा करारही मंजूर केला. चांगली गोष्ट आहे. आम्ही त्याचे स्वागत करतो. पण आमचा एकच प्रश्न आहे. त्या शंभर दिवसांत वॉचमनचा पगार कोण देणार? आमच्या बुद्धीप्रमाणे राष्ट्रीय योजनेत पाच गोष्टी असल्याच पाहिजेत.

पहिली. आजार सांगणाऱ्याची मजुरी बुडता कामा नये. ई.एस.आय.चे तत्त्व साथीच्या काळात वॉचमन, घरकामगार, नाका कामगार, फेरीवाला सगळ्यांना लागू करावे. विलगीकरणाचा प्रत्येक दिवस हा राष्ट्रासाठी केलेला कामाचा दिवस धरावा. आणि रेशन कार्ड बघून नव्हे, माणूस बघून धान्य द्यावे. २०२० मध्ये कार्डावर माणशी पाच किलो धान्य मिळाले. पण ज्याचे कार्ड गावी किंवा ज्याचे कार्डच नाही, त्याने काय खावे?

दुसरी. दवाखाना जवळ हवा आणि रोज उघडा हवा. मैदानी भागात तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, शहरात पन्नास हजारांमागे एक, असा सरकारचाच निकष आहे. साथीपुरता मांडव घालून विश्वास मिळत नाही. जो डॉक्टर पोराच्या खोकल्याला औषध देतो, तोच उद्या चाचणी करा म्हणाला तर लोक ऐकतात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्च २०२५ पर्यंत करायचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये, ऐन कोरोनात, तो दोन टक्क्यांच्याही आत होता.

तिसरी. जी माणसे दारोदार जातात त्यांना कायम करा. आशा सेविका २०२० मध्ये घरोघर फिरल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. पण त्यांना कामगार म्हणत नाहीत, स्वयंसेविका म्हणतात, मानधन देतात. जून २०२१ मध्ये, साथ चालू असताना, महाराष्ट्रातल्या आशांना संपावर जावे लागले. सफाई कामगार आपल्यातलेच, कंत्राटी. टाळ्या-थाळ्या त्यांच्यासाठी वाजल्या, पगारपत्रक मात्र बदलले नाही.

चौथी. मोजणी खरी हवी. आपल्या सरकारी हिशेबात कोरोनाने सव्वापाच लाखांहून अधिक माणसे गेली. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२० आणि २०२१ या दोन वर्षांसाठी सुमारे ४७ लाखांचा अंदाज दिला. सरकारने तो अमान्य केला. हा वाद आम्ही सोडवू शकत नाही. पण एवढे समजते की प्रत्येक मरणाची नोंद कारणासह, वस्तीसह वेळेवर झाली असती तर एवढा फरक वादाला उरलाच नसता. १९१८ चा तो हजारी ६१.६ चा आकडा आज आपल्या हाती आहे, कारण कोणी तरी तो समाजवार लिहून ठेवला. जो मोजला जात नाही त्याच्यासाठी योजना होत नाही.

पाचवी. कायद्यात लोकांचे हक्क लिहा. १८९७ चा कायदा १२३ वर्षांनी २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढावा लागला. नव्या कायद्यात सरकारच्या अधिकाराशेजारी माणसाचा अधिकारही असावा. टाळेबंदीआधी सूचना, घरी जायची सोय, आपल्या भाषेत माहिती, लस मोबाईलवाल्याला आधी आणि बिनमोबाईलवाल्याला नंतर असे नको. मे २०२१ मध्ये तरुणांसाठी आधी मोबाईलवर नोंदणी करावी लागत होती, तेव्हा आपल्या पोरांच्या हाती किती फोन होते, ते आपल्याला माहीत आहे.

आणि विश्वास ठेवा लोकांवर! १४ एप्रिल २०२० ला बाबासाहेबांची जयंती आपण घरात केली. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंचा सागर येतो. त्या वर्षी घरूनच अभिवादन करा असे सांगितले आणि लोकांनी ऐकले. काठी लागली नाही. कारण सांगणारी माणसे आपली होती आणि कारण पटले होते.

आता शेवटचे. दिल्लीची योजना दिल्ली करील, आपण भांडून करून घेऊ. पण आपल्या विहाराची योजना कोण करणार? समितीपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. विहारात एक वही ठेवा. त्यात प्रत्येक खोलीत म्हातारे कोण, गरोदर कोण, साखरेचा, रक्तदाबाचा, क्षयाचा रुग्ण कोण, एकटे कोण, याची नोंद करा. ती वही दर वर्षी वर्षावासात नवी करा, आणि ती कोणाच्या चर्चेला नाही, कामाला वापरा. दुसरे, वर्गणीतला एक हिस्सा बाजूला काढा. ज्याला आजारामुळे घरी बसावे लागेल त्याच्या घरी पंधरा दिवसांचे धान्य न मागता पोहोचले पाहिजे. तिसरे, प्रत्येक मजल्यावर एक माणूस नेमा, ज्याला अर्ध्या रात्रीही सांगता येईल, "ताप आलाय." आमच्या जोडीदाराच्या बायकोने विचारले होते ना, सांगायचं कोणाला? त्याचे नाव भिंतीवर लिहिलेले पाहिजे.

ही मदत दया म्हणून नको, विहाराचा नियम म्हणून हवी. तथागतांनी संघाला घातला तसा.

ती आया भगिनी आज या सभेत मागच्या रांगेत बसली आहे. ताई, त्या दिवशी आम्ही गप्प बसलो. आज एवढ्या माणसांसमोर आम्ही तुमची माफी मागतो. तुम्ही माफ करावे असा आमचा आग्रह नाही. पण विहाराची ती वही तुम्ही सांभाळावी, अशी आमची विनंती आहे. आजारी माणसाला उचलायचे कसे, हे या सभेत तुमच्याइतके कोणाला येत नाही. आम्ही तुमच्या हाताखाली काम करू.

पुढची साथ केव्हा येईल, सांगता येत नाही. येईल हे नक्की. त्या दिवशी बादलीत वाळू असली पाहिजे, आणि चाळीत खडूची रेघ नसली पाहिजे.



नमो बुद्धाय! जयभीम!